जगाकडे समता, घरात सरासरी

दक्षिण आफ्रिकेतल्या डरबन शहरात भारत सरकारने दहा वर्षांच्या अंतराने दोन भूमिका घेतल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय राजकारणात दलित-आदिवासी-बहुजनांची जागा नेमकी कुठे आहे, हे लक्षात येते.

पहिली वेळ २००१ ची. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे संयुक्त राष्ट्रांची वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली होती. भारतातून दलित कार्यकर्ते मोठ्या संख्येने गेले होते. जन्मावरून आणि कामावरून होणाऱ्या भेदभावाचा उल्लेख परिषदेच्या जाहीरनाम्यात यावा, एवढीच त्यांची मागणी होती. भारत सरकारने तिला विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे आणि तो सोडवायला आमची राज्यघटना व कायदे समर्थ आहेत, असे सरकारचे म्हणणे होते. अंतिम जाहीरनाम्यात 'जात' हा शब्द आला नाही.

दुसरी वेळ २०११ ची. त्याच शहरात हवामान बदलावरची सतरावी जागतिक परिषद झाली. तेव्हाच्या पर्यावरणमंत्री जयंती नटराजन यांनी शेवटच्या रात्रीपर्यंत एका शब्दासाठी भांडण मांडले. तो शब्द होता 'समता'. ज्या देशांनी दीडशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून संपत्ती उभी केली, त्यांनी आता गरीब देशांवर सारखाच बोजा टाकू नये, असा त्यांचा मुद्दा होता. अंतिम निर्णयाच्या मजकुरात 'समता' हा शब्दही आला नाही.

दोन्ही वेळा एकेक शब्द गाळला गेला. पहिला आपल्या सरकारने गाळायला लावला आणि दुसरा श्रीमंत देशांनी. दोन्ही ठिकाणी गाळणाऱ्यांची युक्तीही एकच होती. ज्याच्याकडे जास्त आहे तो म्हणतो, मागचा हिशेब काढू नका, आजपासून सगळे सारखे समजून चालू. राखीव जागांवरची 'गुणवत्ते'ची चर्चा ज्याने कॉलेजात ऐकली आहे, त्याला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे. जगाच्या टेबलावर भारत जे मागतो ते बरोबर आहे आणि आपण त्याच्या बाजूनेच उभे राहिले पाहिजे. पण ते मागणे ज्या माणसांच्या नावाने केले जाते, त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही. समतेचे जे तत्त्व भारत जगाला ऐकवतो, तेच देशाच्या आत, जिल्ह्यात आणि गावात लावायला सरकारला भाग पाडणे, हा आता जातिविरोधी चळवळीचा विषय झाला पाहिजे.

भारताची बाजू बरोबर का आहे

१९९२ साली रिओ दि जानेरोमध्ये संयुक्त राष्ट्रांचा हवामान बदलविषयक करार झाला. 'सामायिक पण भिन्न जबाबदाऱ्या' हे तत्त्व त्यात लिहिले गेले. म्हणजे पृथ्वी सगळ्यांची, ती वाचवण्याची जबाबदारीही सगळ्यांची, पण ज्याने जास्त बिघडवले आणि ज्याच्याकडे जास्त साधने आहेत त्याचा वाटा मोठा. १९९७ च्या क्योटो करारात उत्सर्जन घटवण्याचे बंधन फक्त विकसित देशांवर होते. २०१५ च्या पॅरिस कराराने चित्र बदलले. आता प्रत्येक देश स्वतःचे उद्दिष्ट स्वतः ठरवून कळवतो आणि दर पाच वर्षांनी ते वाढवणे अपेक्षित असते. भारताने २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर केले की २०७० पर्यंत आमचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर येईल. २०२२ मध्ये दिलेल्या सुधारित उद्दिष्टांत २०३० पर्यंत विजेच्या स्थापित क्षमतेतला ५० टक्के वाटा कोळसा-तेल-वायूखेरीज इतर स्रोतांचा करू, असे म्हटले. हा टप्पा २०२५ मध्येच, ठरल्याच्या पाच वर्षे आधी गाठला गेला.

दुसऱ्या बाजूला पैशाचा हिशेब पाहा. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी शब्द दिला होता की २०२० पासून दरवर्षी १०० अब्ज डॉलर गरीब देशांसाठी उभे करू. श्रीमंत देशांच्याच संघटनेच्या मोजणीनुसार तो आकडा पहिल्यांदा २०२२ मध्ये गाठला गेला आणि त्यातही मोठा भाग कर्जाचा होता. २०२४ मध्ये बाकूला विकसनशील देशांनी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर मागितले. २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर यावर अध्यक्षांनी हातोडा आपटला. भारताच्या प्रतिनिधीने त्यानंतर उभे राहून जाहीर आक्षेप नोंदवला. अमेरिकेने तर २०२५ च्या जानेवारीत पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा आदेश काढला.

अमेरिकेतला माणूस सरासरी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइडला जबाबदार असतो, भारतातला माणूस सुमारे २ टनांना. तेव्हा दिल्लीहून गेलेला अधिकारी दरडोई हिशेब मांडतो, त्यात खोटे काही नाही. प्रश्न त्या 'दरडोई'मधल्या डोक्यांचा आहे.

सरासरीच्या आड

१९९१ मध्ये अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी एका पुस्तिकेत म्हटले होते की जगण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन एका मापाने मोजू नये. भात लावणाऱ्याच्या शेतातला मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर यांत फरक आहे. भारताच्या हवामान धोरणाला या मांडणीने भाषा दिली. पण हा फरक देशादेशांमध्ये जसा आहे, तसाच तो देशाच्या आतही आहे. २००७ मध्ये ग्रीनपीस इंडियाने एका अहवालात हेच दाखवले. महिना ३०,००० रुपयांहून जास्त कमावणाऱ्या गटाचे दरडोई उत्सर्जन ३,००० रुपयांखालच्या गटाच्या सुमारे साडेचार पट होते. भारतातले श्रीमंत गरिबांच्या आड लपतात, हा त्या अहवालाचा निष्कर्ष होता.

म्हणजे भारताची दोन टनांची सरासरी कमी राहते ती कोणामुळे? ज्यांच्या घरात एसी नाही, गाडी नाही, जे विमानात बसलेले नाहीत, त्यांच्यामुळे. त्यांच्या नसण्यातून देशाला जागतिक वाटाघाटीत नैतिक बळ मिळते. मुंबई-दिल्लीतल्या वरच्या थराला वाढत्या उत्सर्जनाची सवलत मिळते तीही त्यांच्याच नावावर.

इथपर्यंतची मांडणी बरेच पर्यावरणवादी मान्य करतात. ते थांबतात ते 'गरीब' या शब्दापाशी. पण भारतात कोण गरीब आहे, कोण उन्हात काम करतो, कोणाची वस्ती ओढ्याच्या काठाला किंवा गावाच्या उतारावर असते आणि सातबारावर कोणाचे नाव नसते, हे केवळ उत्पन्नाने ठरलेले नाही. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. त्या व्यवस्थेने कामे वाटली तशी जागाही वाटली. महारवाडा, मांगवाडा, चेरी, नावे वेगवेगळी आहेत, पण गावाच्या नकाशावर त्यांचे ठिकाण सहसा कडेचे आणि सखल. पाऊस जात बघत नाही हे खरे, पण पावसाचे पाणी जिथे साचते ती जागा जातीने ठरवलेली असते.

करारात नाव नसले की काय होते

पॅरिस कराराची प्रस्तावना वाचण्यासारखी आहे. हवामान बदलावर पावले उचलताना मानवी हक्कांचा विचार करा, असे ती राष्ट्रांना सांगते. मग कोणाकोणाचे हक्क ते मोजते: आदिम समुदाय, स्थानिक समुदाय, स्थलांतरित, मुले, अपंग व्यक्ती, असुरक्षित परिस्थितीतले लोक आणि स्त्री-पुरुष समानता. 'हवामान न्याय' ही कल्पनाही तिथे आहे, पण 'काहींच्या दृष्टीने महत्त्वाची' अशा शब्दांत. भारत ही कल्पना सतत पुढे करत आला आहे. या यादीत जात नाही, आणि जन्मावरून होणारा भेदभाव असा दुसरा शब्दही नाही.

प्रस्तावनेतल्या शब्दांनी काय बिघडते, असे वाटेल. पण आंतरराष्ट्रीय कारभारात आधी शब्द येतो, मग त्या शब्दाची समिती येते, मग समितीचे नियम आणि शेवटी नियमांप्रमाणे पैसा. आदिम समुदायांचा उल्लेख झाला म्हणून त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या हवामान प्रक्रियेत स्वतंत्र मंच उभा राहिला. दक्षिण कोरियातल्या इंचॉनला मुख्यालय असलेल्या हरित हवामान निधीने २०१८ मध्ये आदिम समुदायांसाठी वेगळे धोरण केले. स्त्रियांसाठी कृती आराखडा झाला. हे त्या त्या समूहांनी वर्षानुवर्षे भांडून मिळवले आहे. त्यामुळे प्रकल्प मंजूर होताना निदान विचारले तरी जाते की आदिवासींवर याचा परिणाम काय, स्त्रियांना वाटा किती. दलितांबद्दल असा वेगळा प्रश्न विचारणारा रकानाच नाही. पॅरिस करारानुसार दर दोन वर्षांनी देशांनी पारदर्शकता अहवाल द्यायचा असतो. त्यात किती टन वायू कमी झाला, किती डॉलर आले, हे लिहिले जाते. ते डॉलर गावाच्या कोणत्या टोकाला पोचले, हे कोणी विचारत नाही.

सातबाऱ्याच्या आधारे वाटलेला पैसा

महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. २०१८ मध्ये जागतिक बँकेने महाराष्ट्राला हवामान अनुकूल शेतीच्या प्रकल्पासाठी ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, लोकांच्या तोंडी 'पोकरा'. मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव परिसरातली सुमारे ५,००० गावे त्यात आली. शेततळे, ठिबक, शेडनेट, फळबाग यांसाठी अनुदान मिळाले. दुष्काळी भागातल्या छोट्या शेतकऱ्याला याची गरज होतीच. कागदावर दुर्बल घटकांना प्राधान्य होते आणि भूमिहीनांसाठी शेळीपालन, परसातले कुक्कुटपालन अशा गोष्टीही ठेवल्या होत्या.

तरीही प्रकल्पाचा कणा काय होता ते पाहा. शेततळ्याला शेत लागते. ठिबकला विहीर लागते. शेडनेटला आधी स्वतःचा पैसा घालावा लागतो, अनुदान नंतर खात्यात येते. ज्याच्याकडे यातले काहीच नाही त्याच्या वाट्याला शेळी. २०११ च्या जनगणनेत शेतीवर राबणाऱ्या अनुसूचित जातींच्या लोकांमध्ये स्वतःची जमीन कसणाऱ्यांपेक्षा शेतमजुरांची संख्या कितीतरी जास्त होती. हवामान बदलाचा पहिला फटका मजुरीच्या दिवसांना बसतो. गारपीट झाली की तलाठी पिकाचा पंचनामा करतो. त्या पिकाची काढणी करून ज्याचा महिना निघणार होता, त्याच्या बुडालेल्या मजुरीला त्या पंचनाम्यात जागा नसते. कर्ज मात्र राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे त्या मजुराने काडेपेटीवर भरलेल्या करातूनही फिटते.

हीच गोष्ट सौर ऊर्जेची. आंतरराष्ट्रीय सौर आघाडी २०१५ मध्ये भारत आणि फ्रान्सने मिळून जाहीर केली, तिचे मुख्यालय गुरुग्रामला आहे. परराष्ट्र धोरणातले हे मोठे यश मानले जाते. कर्नाटकात तुमकुरू जिल्ह्यातल्या पावगडा इथे २,०५० मेगावॉटचा सौर प्रकल्प सुमारे १३,००० एकरांवर उभा राहिला. जमीन विकत न घेता भाड्याने घेतली, एकरी वर्षाला २१,००० रुपये आणि पुढे त्यात वाढ. दुष्काळी तालुक्यातल्या जमीनमालकाला हे परवडले. पण जमिनीवर काच अंथरली की नांगरणी नाही, खुरपणी नाही, गुरे चारायला माळ नाही. भाडे मालकाला मिळाले आणि मजुराची मजुरी गेली. या व्यवहारात कोणी कायदा मोडला नाही. मजूर करारात पक्षकारच नव्हता.

आता कोळशाकडे पाहू. कोळसा बंद करताना कामगारांचे नुकसान होऊ नये याला 'न्याय्य संक्रमण' म्हणतात. दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया आणि व्हिएतनाम यांनी श्रीमंत देशांशी यासाठी अब्जावधी डॉलरचे करार केले आहेत. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ब्राझीलच्या बेलेम परिषदेतही न्याय्य संक्रमणासाठी यंत्रणा उभी करण्याचे ठरले. भारतातही झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, आणि आपल्याकडे चंद्रपूर-यवतमाळ पट्टा या प्रश्नाच्या दारात उभा आहे. पण कोळशाच्या पट्ट्यात पक्की नोकरी कोणाला मिळाली? कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी असा हिशेब राहिला आहे. ज्याची दोन एकर नव्हती तो कंत्राटदाराकडे कोळसा भरायला गेला किंवा सायकलवर पोती लादून विकू लागला. उद्या न्याय्य संक्रमणाचा पैसा आला आणि तो हजेरीपटावरच्या कामगारांमध्ये वाटला, तर जमीन घेताना झालेला अन्याय खाण बंद करताना पुन्हा होईल.

मदत छावणीच्या दाराशी

आपत्तीच्या वेळी हे सगळे उघडे पडते. २००४ ची त्सुनामी भूकंपामुळे आली, हवामान बदलामुळे नव्हे. पण मदत वाटणारी यंत्रणा तीच असते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दलितांना छावण्यांत वेगळे ठेवले गेले, मदत उशिरा किंवा कमी मिळाली आणि प्रेते उचलण्याचे काम मात्र त्यांच्यावर आले, याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केल्या आहेत. पुढच्याच वर्षी संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. त्याचे कलम ६१ प्रत्येकाने पाठ करावे असे आहे. मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंशपरंपरा किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही, असे ते सांगते. डरबनला जो शब्द नको होता, तो आपल्याच कायद्यात आहे. पण मदत कोणाला पोचली याची जातवार नोंदच ठेवली नाही, तर भेदभाव झाला हे सिद्ध कसे करणार? तहसीलदार सांगतो, आम्ही सगळ्यांना सारखे वाटले. पुन्हा सरासरी.

उष्णतेचेही तसेच. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, त्यानंतर अनेक शहरांनी आणि राज्यांनी केले. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने २०२३ मध्ये १८ राज्यांतले ३७ आराखडे तपासले. धोका नेमका कोणाला जास्त आहे याचे रीतसर मूल्यमापन त्यांतल्या फक्त दोन आराखड्यांत होते. बाकीचे सांगतात, दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका. रस्ता झाडणारी बाई, गटारात उतरणारा माणूस, वीटभट्टीवरचे जोडपे, उसाच्या फडातली टोळी यांनी हा सल्ला वाचून काय करायचे?

शेजारच्या घरातही तेच

हा केवळ भारताचा प्रश्न नाही. २०२२ च्या पुरात पाकिस्तानात १,७०० हून जास्त माणसे गेली आणि सुमारे ३.३ कोटी लोकांना फटका बसला. त्या वर्षी विकसनशील देशांच्या जी-७७ गटाचे अध्यक्षपद पाकिस्तानकडे होते. शर्म अल-शेखच्या परिषदेत त्या पुराचे दाखले देत पाकिस्तान लढला आणि 'हानी आणि नुकसान' निधीची स्थापना मान्य झाली. गरीब देशांचा हा तीस वर्षांच्या भांडणानंतरचा विजय होता. पण सर्वांत जास्त बुडाला तो सिंध प्रांत. तिथे जमीनदारांच्या शेतावर कर्जात अडकलेले भील, कोल्ही, मेघवार समाजांचे हारी, म्हणजे वाटेकरी कुळे, मोठ्या संख्येने राबतात. सिंधमधल्या पुरांनंतर या समाजांना मदतीत डावलले गेल्याच्या नोंदी तिथल्या दलित हक्क कार्यकर्त्यांनी केल्या आहेत. सरकार मुस्लिम देशाचे असो की हिंदू बहुसंख्य देशाचे, बुडणारा तोच आणि त्याचे नाव घेऊन निधी मागणारा दुसराच.

नेपाळमध्ये मात्र एक वेगळी गोष्ट घडली आहे. तिथल्या कायद्याने प्रत्येक वॉर्ड समितीत दलित स्त्रीसाठी एक जागा राखून ठेवली आणि २०१७ च्या स्थानिक निवडणुकांतून हजारो दलित स्त्रिया त्या समित्यांवर गेल्या. त्यांना प्रत्येक वेळी बोलू दिले जाते असे नाही. पण मदतीची यादी ज्या टेबलावर बनते, तिथे त्यांची खुर्ची आहे. दक्षिण आशियातल्या सरकारांनी पूर, हिमनद्या आणि चक्रीवादळांविषयीची माहिती एकमेकांना द्यावी, हे आपण म्हणतोच. मग मदतीच्या यादीत जातीचा प्रश्न कसा सोडवला, हेही एकमेकांकडून शिकायला हरकत काय?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप देशाच्या प्रतिमेचा. जागतिक मंचावर जातीचा विषय काढला की श्रीमंत देशांना आयते हत्यार मिळेल, ते म्हणतील आधी तुमचे घर सुधारा, मग पैसे मागा. ही भीती अगदीच खोटी नाही. युरोपीय संघ आयात पोलाद आणि सिमेंटवर कार्बनचा आकार लावतो तेव्हा तोही पर्यावरणाच्याच नावाने लावतो. म्हणून आपली भूमिका स्पष्ट हवी. श्रीमंत देशांचे देणे हे देणे आहे, ते कोणत्याही अटीवर कमी होत नाही. पण कर्जदाराकडून वसुली करणाऱ्या कुटुंबप्रमुखाला घरातली धाकटी माणसे विचारू शकतात की आमच्या नावाने आणलेल्या पैशातले आम्हाला किती. हा प्रश्न आपण घरातून, आपल्या घटनेच्या आधाराने विचारतो आहोत.

आणि 'अंतर्गत प्रश्न' ही सबब तर इतिहासालाच धरून नाही. १९६५ च्या वांशिक भेदभावविरोधी आंतरराष्ट्रीय करारात 'वंशपरंपरा' हा शब्द घालण्याची सूचना भारतानेच केली होती. २००२ मध्ये त्या कराराच्या समितीने स्पष्ट केले की या शब्दात जातीवरून होणारा भेदभावही येतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी वानुआतू या छोट्या बेटदेशाच्या पुढाकाराने आलेल्या प्रकरणात सल्लागार मत दिले. हवामानाच्या प्रश्नावर सहकार्य करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि मानवी हक्कांची बंधने तिथेही लागू होतात, असे त्यात म्हटले आहे. वानुआतूतल्या विद्यार्थ्यांना आपला किनारा बुडणे हा अंतर्गत प्रश्न वाटला नाही, म्हणून हे मत जगाला मिळाले.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांकडून येतो. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, नोकऱ्या नाहीत, अत्याचार थांबत नाहीत, त्यात हे हवामानाचे श्रीमंती खूळ कशाला? हा प्रश्न रास्त आहे. पण महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह पाण्यासाठीच होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेत लक्ष घातले, तेव्हा पूर, वीज आणि दोन प्रांतांचे सहकार्य हेच विषय होते. नद्या, वीज आणि जमीन यांचे निर्णय कोण घेतो, हा जातीचाच प्रश्न आहे. येत्या वीस वर्षांत सरकारी खर्चाचा, नोकऱ्यांचा आणि जमिनीच्या फेरवाटपाचा मोठा भाग 'हवामान' या नावाखाली होणार आहे. त्या खोलीत आपण नसलो, तर शिष्यवृत्तीसारखीच इथेही रांगेत शेवटी उभे राहू.

काय मागायचे

पहिली मागणी नोंदीची. केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे येत्या जनगणनेत जातींची मोजणी होणार आहे. ती माहिती फक्त राखीव जागांच्या वादासाठी वापरली जाऊ नये. पूररेषेखालच्या वस्त्या, पत्र्याची घरे, उघड्यावर काम करणारे यांचे जिल्हावार नकाशे जातवार माहितीशी जोडले पाहिजेत. कलम ६१ चे पालन झाले की नाही, हे प्रत्येक आपत्तीनंतर जातवार आकड्यांसह प्रसिद्ध झाले पाहिजे.

दुसरी मागणी वाट्याची. आदिवासी उपयोजना आणि अनुसूचित जातींसाठीची विशेष घटक योजना १९७० च्या दशकात सुरू झाली, ती लोकसंख्येच्या प्रमाणात निधी बाजूला काढण्याच्या तत्त्वावर. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये त्यासाठी कायदे केले. तेच तत्त्व बाहेरून आलेल्या आणि राज्याने उभ्या केलेल्या हवामान निधीला लागू करा. निधी वळवला गेला तर त्याचा जाबही विचारता आला पाहिजे.

तिसरी मागणी निकषाची. सातबारा हा हवामान मदतीचा एकमेव दाखला असू नये. शेतमजूर, कूळ, ऊसतोड कामगार, सफाई कामगार यांच्या बुडालेल्या मजुरीला भरपाईत स्वतंत्र शीर्ष हवे. सौर प्रकल्पांच्या भाड्यातला ठरावीक वाटा त्या गावच्या भूमिहीनांना मिळाला पाहिजे.

चौथी मागणी खुर्चीची. राज्यांच्या हवामान कृती आराखड्यांच्या समित्यांत, जिल्हा आपत्ती प्राधिकरणात आणि परदेशी परिषदांना जाणाऱ्या शिष्टमंडळांत दलित-आदिवासी प्रतिनिधी असले पाहिजेत. तिथे भारत 'समता' हा शब्द उच्चारतो, तेव्हा तो कोणाच्या तोंडून येतो यालाही अर्थ आहे.

आपल्यापैकी अनेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. वस्तीत कोणाचाही सरकारी कागद आला की वाचायला आपल्यालाच हाक मारतात. राज्याचा हवामान आराखडा, शहराचा उष्णता आराखडा, जिल्ह्याचा आपत्ती आराखडा हेही तसेच कागद आहेत. यांतले बरेच सरकारी संकेतस्थळांवर आहेत, नसतील तर दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने मिळतात. ते उघडून आपल्या वस्तीचे नाव शोधावे. पूररेषेच्या नकाशात वस्ती आहे का, निवारा शेड किती अंतरावर आहे, शेडची चावी कोणाकडे असते, मागच्या पुरानंतर यादी कोणी केली, हे प्रश्न ग्रामसभेत लेखी विचारावेत. एमएच्या प्रबंधाला विषय शोधणाऱ्यांना तर इथे कितीतरी विषय पडून आहेत.

पुढच्या परिषदेतही भारताचा प्रतिनिधी उभा राहून दरडोई दोन टनांचा आकडा सांगेल, आणि त्याने तो सांगितलाच पाहिजे. फक्त त्या आकड्यात ज्यांची डोकी मोजली आहेत, त्यांनी परत आल्यावर त्याला हिशेब विचारायला तयार असले पाहिजे.

जय भीम.